अनामिका वाकत चालली आहे: ड्युपुट्रेनवर उपचार केव्हा आणि कोणता करावा?

अनघा_सातारा

नमस्कार. माझे वडील 66 वर्षांचे असून निवृत्त शिक्षक आहेत. साताऱ्यात राहतात आणि बऱ्याच वर्षांपासून मधुमेही आहेत. त्यांच्या उजव्या तळहातावर, अनामिकेच्या मुळाशी, काही वर्षांपूर्वी एक टणक गाठ आली. ती दुखत नव्हती. पुढे त्या गाठीपासून बोटाकडे जाणारा एक ताठ दोर कातडीखाली दिसू लागला आणि आता ते बोट मुळापाशी वाकलेलेच राहते. तोंड धुताना बोट डोळ्यात जाते, खिशात हात घालताना ते काठावर अडकते, देवापुढे हात जोडले तर तळवे एकमेकांना पुरते टेकत नाहीत.

निदान ड्युपुट्रेन कॉन्ट्रॅक्चर असे झाले आहे. एका शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया सुचवली, तर दुसऱ्यांनी चालते आहे तोवर चालू द्या असे सांगितले. दोघेही अनुभवी आहेत, त्यामुळे आमचा गोंधळ वाढला आहे. उपचाराची योग्य वेळ कोणती, सुईने दोर तोडणे आणि शस्त्रक्रिया यांत काय निवडावे, आणि या रोगावर सध्या काय संशोधन चालू आहे, याबद्दल ज्यांना अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी कृपया लिहावे.

तासगावकर

अनघाताई, मी द्राक्षबागायतदार आहे. माझ्या उजव्या हाताची करंगळी अशीच वाकली होती आणि तिची शस्त्रक्रिया झालेली आहे. माझ्या बाबतीत मुळाचा सांधा नव्हे, तर मधला सांधा जवळजवळ काटकोनात आला होता. शस्त्रक्रियेआधीच मला स्पष्ट सांगण्यात आले होते की हा सांधा पूर्ण सरळ होणार नाही, आणि तसेच झाले. बरेच सुधारले, थोडा बाक राहिला.

तळहातापासून करंगळीच्या मधल्या पेरापर्यंत नागमोडी छेद होता. टाके निघाल्यावरही कित्येक आठवडे तो व्रण लालसर, टणक आणि हुळहुळा होता. छाटणीची कात्री नेमकी त्याच जागेवर दाबते, त्यामुळे त्या वर्षी ऑक्टोबर छाटणी मला गड्यांवर सोपवावी लागली. आज मात्र मी कात्री धरतो, फवारणीचा पंप उचलतो, काही अडत नाही. माझे मत विचाराल तर मधला सांधा वाकायला लागण्याआधी काय ते करून घ्यावे.

माहुली

हा आजार हाताने कष्ट करणाऱ्यांना होतो असे मी ऐकले आहे. काका शेतकरी आहेत म्हणजे ते पटते, पण अनघाताईंचे वडील शिक्षक होते. मग त्यांना का झाला असेल?

हस्तशल्य_सांगली

मी हाताच्या शस्त्रक्रिया करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वडिलांचा हात मी पाहिलेला नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण विवेचन समजावे.

तळहाताच्या कातडीखाली तंतूंचा एक पातळ, चिवट पडदा असतो. कातडी पकडीत सरकू नये म्हणून तो तिला खालच्या भागांशी बांधून ठेवतो. या रोगात बोट वाकवणाऱ्या स्नायुरज्जूंना, म्हणजे स्नायू हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांना, काहीही झालेले नसते, विकार या पडद्यात असतो. त्यातील तंतुपेशींचे रूपांतर मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशींत होते. या पेशींमध्ये स्नायूंप्रमाणे आकुंचन पावणारी प्रथिने असतात. त्या कोलॅजन तयार करतात आणि त्याच वेळी ते ओढून आखूडही करत राहतात. आधी गाठ, मग दोर, मग बोटाचा बाक असा हा क्रम असतो, आणि तो वर्षानुवर्षे चालू शकतो किंवा कोणत्याही टप्प्यावर थांबूही शकतो. नुसती गाठ असलेल्या अनेकांचे बोट कधीच वाकत नाही.

वेळ कोणती, याचे उत्तर सांध्यावर अवलंबून आहे. मुळाचा सांधा सुमारे 30 अंश वाकला की उपचाराचा विचार करावा, असा रूढ संकेत आहे. त्या सांध्याच्या बाजूचे बंध वाकलेल्या स्थितीत ताणलेले राहतात, त्यामुळे उशीर झाला तरी तो बहुतेक वेळा सरळ होतो. मधल्या सांध्याचे तसे नाही. तो वाकून राहिला की त्याच्या तळहाताकडील बाजूचे बंध आखडतात, आणि मग दोर पूर्ण काढला तरी सांधा स्वतःच्या ताठरपणामुळे अडून राहतो. तासगावकर काकांच्या करंगळीत जो बाक उरला त्याचे कारण हेच असावे. म्हणून मधला सांधा वाकू लागला की फार थांबू नये.

घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. तळहात पालथा करून टेबलावर ठेवावा. हात आणि बोटे सपाट टेकत असतील, तर सहसा केवळ लक्ष ठेवणे पुरते. टेकत नसतील, तर हात दाखवून अंशांची नोंद करून घ्यावी. दोन शल्यविशारदांची मते वेगळी पडली असतील तर दोघांनी कोणता सांधा किती अंश मोजला, हे आधी विचारावे. पुष्कळदा मतभेद तिथेच मिटतो.

कृष्णाकाठ

माहुली, तुमच्या प्रश्नाला जुना इतिहास आहे. बासेलच्या फेलिक्स प्लाटर यांनी 1614 साली अशा हाताचे वर्णन केले, पण दोष स्नायुरज्जूंचा आहे असे त्यांना वाटले. लंडनच्या हेन्री क्लाइन यांनी 1777 मध्ये शवविच्छेदन करून विकार पडद्यात असल्याचे पाहिले, आणि त्यांचे शिष्य ॲस्टली कूपर यांनी 1822 मध्ये दोर कापण्याचा उपाय सुचवला. पॅरिसचे गियोम ड्युपुट्रेन यांनी 1831 साली एका मद्यव्यापाऱ्याच्या हातावर शस्त्रक्रिया करून त्यावर व्याख्यान दिले आणि रोगाला त्यांचे नाव चिकटले. तळहातावर सतत पडणारा दाब हेच कारण आहे, असे ड्युपुट्रेन यांचे मत होते. त्यांच्या रुग्णांत एक घोडागाडी हाकणाराही होता.

आजचे चित्र वेगळे आहे. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या अभ्यासातून 2015 मध्ये असे दिसले की या रोगाकडे असणारा कल सुमारे 80 टक्के आनुवंशिक आहे. उत्तर युरोपात तो फार आढळतो आणि आफ्रिका व आशियात कमी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात धोका वाढवणारे 61 जनुकीय बदल सापडले. त्यांतील तीन निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाकडून आलेले होते, आणि सर्वांत प्रभावी बदलांत दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाचे बदल या तिघांपैकीच होते. मी प्राणिशास्त्र शिकवतो, आणि वर्गात हे सांगितले की विद्यार्थी नकळत स्वतःचे तळहात उलटून पाहतात.

कष्टांचा संबंध अगदीच नाही असे मात्र नाही. हातात धरून चालवायच्या, कंप पावणाऱ्या यंत्रांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांत हा रोग अधिक दिसतो, आणि ब्रिटनने 2019 च्या डिसेंबरपासून अशा कामगारांसाठी त्याचा समावेश व्यावसायिक रोगांच्या भरपाईत केला आहे. शिवाय मधुमेह, धूम्रपान आणि मद्यपान यांच्याशीही त्याचा संबंध आहे. अनघाताईंच्या वडिलांच्या बाबतीत मधुमेहाचा विचार आधी होईल.

निवृत्त_कुष्ठसेवक

मी सातारा जिल्ह्यात कुष्ठरोग नियंत्रणाच्या कामात नोकरी केली आहे. या धाग्यावर एक गोष्ट लिहून ठेवणे मला फार गरजेचे वाटते, कारण उद्या कोणी करंगळी-अनामिका वाकते म्हणून शोधत येईल आणि स्वतःच निदान करून मोकळा होईल.

आपल्याकडे ही दोन बोटे वाकण्याचे दुसरे एक महत्त्वाचे कारण म्हणजे कोपराजवळच्या अल्नर नसेला झालेली इजा, आणि ती इजा कुष्ठरोगामुळे असू शकते. फरक ओळखता येतो. नस दुबळी झाली की बोटाच्या मुळाचा सांधा उलट मागे झुकतो आणि पुढचे सांधे वाकतात, करंगळीच्या बाजूला बधिरपणा येतो, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोलगट होतो, आणि निदान सुरुवातीला तरी दुसऱ्या हाताने ते बोट सहज सरळ करता येते. ड्युपुट्रेनमध्ये मुळाचा सांधा पुढे वाकतो, तळहातात दोर हाताला लागतो, संवेदना शाबूत असते आणि बोट जोर लावूनही सरळ होत नाही. बधिरपणा असेल तर एक दिवसही न दवडता तपासणी करावी. कुष्ठरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो.

दोन्हींच्या शस्त्रक्रियाही निराळ्या आहेत. कुष्ठरोगातील वाकड्या बोटांसाठी एखादा सशक्त स्नायुरज्जू दुसरीकडे जोडून हरवलेली हालचाल परत मिळवतात. हे काम वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केले. मी ज्या रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी पाठवले, त्यांतले काही पुढे स्वतःच्या हाताने भाकरी मोडून खाऊ लागले. लोक वाकडे बोट पाहून अजूनही त्या माणसापासून दूर सरकतात याचे मला वाईट वाटते. ड्युपुट्रेनच्या रुग्णालाही हे सोसावे लागू नये, आणि कुष्ठरुग्णाला तर मुळीच नको.

अनघा_सातारा

काका, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. वडिलांना बधिरपणा नाही, तशी तपासणी झालेली आहे. आमच्याच आळीत एकांनी आईला आडून आडून तो प्रश्न विचारला होता आणि आईला ते फार लागले होते.

मिरजेचा_ठेका

मी तबला शिकवतो. माझ्या उजव्या अनामिकेला सौम्य स्वरूपात हा विकार आहे. 'ना' हा बोल वाजवताना अनामिका तबल्यावरील काळ्या शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते, त्यामुळे ती थोडी वाकलेली असली तरी अडत नाही. अडचण डाव्या हाताला झाली असती, कारण बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, मनगट टेकून पंजा पसरावा लागतो. मला सध्या दर सहा महिन्यांनी अंश मोजून घ्यायला सांगितले आहे. दोन भेटींत फरक नसेल तर काहीही करायचे नाही, असे माझ्या डॉक्टरांचे मत आहे आणि ते मला पटते. प्रत्येक बोटाला शस्त्रक्रिया लागतेच असे या धाग्यावरून कोणी समजू नये.

हळदीचे_शेत

आमच्याकडे सांगलीच्या हळदीचा लेप आणि तिळाच्या कोमट तेलाचे मर्दन यांवर विश्वास आहे. माझ्या आत्याला याने बोट मोकळे झाल्यासारखे वाटते. शस्त्रक्रियेआधी हे करून पाहायला काय हरकत आहे?

हस्तशल्य_सांगली

कातडी मऊ राहते, हाताला बरे वाटते, तेवढ्यासाठी तेल लावण्यास हरकत नाही. दोर मात्र त्याने विरघळत नाही. बोट सकाळी अडकणे आणि चोळल्यावर किंवा कट् आवाज होऊन सुटणे, असे आत्यांना होत असेल, तर तो ट्रिगर फिंगर हा निराळा आजार असण्याची शक्यता आहे. तो मधुमेहींत पुष्कळ दिसतो आणि त्याचा उपचारही वेगळा आहे. त्यांचा हात एकदा दाखवून घ्यावा. बोट जोराने मागे ओढणे मात्र कोणीही करू नये.

आता सुई की शस्त्रक्रिया, याकडे येतो.

सुईच्या पद्धतीत कातडी न कापता इंजेक्शनच्या सुईच्या धारेने दोर ठिकठिकाणी कमकुवत करतात आणि मग बोट सरळ करून तो तोडतात. ही पद्धत फ्रान्समधील संधिवाततज्ज्ञांनी रूढ केली. भूल मुद्दाम थोडी आणि वरवरच देतात, कारण सुई नसेच्या जवळ गेली तर रुग्णाला बोटात झिणझिण्या जाणवून त्याने तसे सांगणे आवश्यक असते. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो आणि काही दिवसांत हात वापरू लागतो. पण रोगट ऊती आतच राहते. नेदरलँड्समधील एका अभ्यासात पाच वर्षांनी पाहिले, तेव्हा सुईच्या गटात 84.9 टक्के रुग्णांत बोट पुन्हा वाकलेले होते, तर शस्त्रक्रियेच्या गटात 20.9 टक्के.

शस्त्रक्रियेत रोगट पडदा काढून टाकतात. खरी जोखीम नसांची आहे. बोटाची बारीक नस कधी कधी दोराभोवती, खांबावर चढलेल्या वेलीसारखी, गुंडाळलेली असते आणि दोर आखडल्यामुळे आपली जागा सोडून बोटाच्या मध्यभागी, थेट कातडीखाली आलेली असते. ती ओळखून, सोडवून मगच दोर काढावा लागतो. रोग पुन्हा उद्भवलेल्या हातात हे आणखी अवघड होते, म्हणून पहिली शस्त्रक्रिया नीट आणि सवडीने होणे महत्त्वाचे आहे.

कृष्णाकाठ

तिसरा पर्याय इंजेक्शनचा. एका जिवाणूपासून मिळवलेले कोलॅजिनेज हे विकर दोरात टोचतात, त्याने कोलॅजन सैल पडते आणि नंतर बोट सरळ करतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 64 टक्के सांधे जवळजवळ पूर्ण सरळ झाले, तर औषधाविना टोचलेल्या इंजेक्शनने 6.8 टक्के. अमेरिकेत त्याला 2010 मध्ये मान्यता मिळाली. युरोपातून मात्र कंपनीने 2020 मध्ये ते व्यावसायिक कारणांनी मागे घेतले. रुग्णांसाठी चाललेले औषध हिशेबात बसत नाही म्हणून बाजारातून जावे, हे मला अजूनही खटकते.

पुढचे संशोधन मात्र शस्त्रक्रियेच्या बाजूचे आहे. ब्रिटनमध्ये 672 रुग्णांची चाचणी झाली आणि 2024 मध्ये तिचे निष्कर्ष आले. एका वर्षानंतर कोलॅजिनेज शस्त्रक्रियेच्या बरोबरीचे ठरले नाही. त्याच वर्षी फिनलंडमधील चाचणीत तिन्ही उपचारांची एकत्र तुलना झाली. तीन महिन्यांनी तिघांचे यश जवळजवळ सारखे होते. दोन वर्षांनी शस्त्रक्रिया 78, कोलॅजिनेज 65 आणि सुई 50 टक्के, असा फरक पडला. लवकर मोकळे व्हायचे की जास्त काळ टिकवायचे, हा निर्णय रुग्णाचाच आहे. मात्र तो घेताना हे आकडे त्याच्यासमोर असले पाहिजेत.

तासगावकर

हे आकडे पाहिल्यावर मी माझ्या मतावर अधिकच ठाम आहे. ज्याला हाताने काम करायचे आहे त्याने एकदाच त्रास सोसून शस्त्रक्रिया करावी.

मिरजेचा_ठेका

काका, आदर राखून मतभेद नोंदवतो. तुमचा मधला सांधा वाकलेला होता. ज्याचा फक्त मुळाचा सांधा वाकला आहे, साखर आहे, वय आहे, त्याने सुई करून घेतली आणि काही वर्षांनी पुन्हा केली, तर त्यात गैर काय? सुईनंतर पुढे शस्त्रक्रियेचा मार्ग उरतोच.

माहुली

बोट वाकूच नये यासाठी काही निघाले आहे का? माझ्या भावाच्या हाताला नुकतीच गाठ आली आहे.

कृष्णाकाठ

दोन वाटा आहेत. पहिली किरणोपचाराची. गाठीच्या अवस्थेत, बोट वाकण्याआधी, साधारणपणे एकूण 30 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा दोन टप्प्यांत, मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवून देतात. जर्मनीत याचा वापर बराच आहे. वाकलेले बोट त्याने सरळ होत नाही, आणि किरणांचा दूरगामी धोका कमी असला तरी शून्य नसतो. तुमच्या भावाचे वय कमी असेल तर हा मुद्दा वजनदार आहे.

दुसरी वाट मला सर्वांत आशादायक वाटते. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जगदीप नानचहल यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवले की टीएनएफ हा दाहकारक रेणू तळहातातील तंतुपेशींना मायोफायब्रोब्लास्टकडे ढकलतो. संधिवातात वापरले जाणारे ॲडालिमुमॅब हे औषध याच रेणूला अडवते. म्हणून त्यांनी ते सुरुवातीच्या गाठीतच टोचून पाहिले. 140 रुग्णांना तीन-तीन महिन्यांच्या अंतराने चार इंजेक्शने दिली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत औषधाच्या गटातील गाठी अधिक मऊ आणि लहान झालेल्या दिसल्या, आणि शेवटच्या इंजेक्शननंतर नऊ महिन्यांनीही त्या आक्रसतच होत्या. बोटाचा बाक यामुळे टळतो का, हे कळायला रुग्णांवर आणखी कित्येक वर्षे लक्ष ठेवावे लागेल, कारण रोगाची चालच संथ आहे.

फिजिओ_कराड

शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाबद्दल लिहिते. हात छातीच्या उंचीवर ठेवून सूज उतरवणे आणि बोटे लवकर हलवणे हे सुरुवातीला सर्वांत महत्त्वाचे. बोट सरळ करण्याच्या नादात मूठ वळणे विसरले जाते आणि मग पकड जाते. तांब्या उचलता येईना, दाराची कडी घट्ट धरता येईना, अशा तक्रारी घेऊन रुग्ण येतात. दोन्ही दिशांचे व्यायाम हवेत. रात्री आधारपट्टी बांधावी का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ब्रिटनमध्ये 154 रुग्णांवर झालेल्या चाचणीत सरसकट सर्वांना पट्टी बांधल्याने वर्षानंतर फायदा दिसला नाही. म्हणून बोट पुन्हा वाकू लागले आहे असे दिसले, तरच मी ती देते. मधुमेहींनी व्रण भरेपर्यंत साखरेवर काटेकोर लक्ष ठेवावे.

अनघा_सातारा

आपल्या सर्वांच्या उत्तरांनंतर आम्ही दोन्ही शल्यविशारदांना अंशांची नोंद मागितली. वडिलांचा मुळाचा सांधा 40 अंश वाकलेला आहे आणि मधला सांधा पूर्ण सरळ आहे. दोर एकच असून तो तळहातातच आहे. वडिलांनी हा धागा स्वतः वाचला. तासगावकर काकांचे म्हणणे त्यांना पटले, तरीही त्यांनी सध्या सुईचा पर्याय निवडला आहे. बोट काही वर्षांनी पुन्हा वाकू शकते हे समजून आणि स्वीकारून त्यांनी हे ठरवले आहे. मधल्या सांध्याला बाक येऊ लागला तर शस्त्रक्रिया करायची, हेही त्यांनी डॉक्टरांशी बोलून घेतले आहे.

एक शेवटची शंका आहे. वडिलांना हृदयासाठी रोज ॲस्पिरिनची लहान गोळी चालू आहे. सुईआधी ती बंद करावी का?

हस्तशल्य_सांगली

40 अंश, एकच दोर आणि मधला सांधा सरळ, अशा हातासाठी सुई हा रास्त पर्याय आहे. ॲस्पिरिनची लहान मात्रा सुईच्या पद्धतीसाठी मी सहसा थांबवत नाही. ती आपल्या मनाने मुळीच बंद करू नये. रक्त पातळ करणारे दुसरे एखादे औषध चालू असेल तर हृदयरोगतज्ज्ञांचे मत घेऊन ठरवावे. जाताना सर्व औषधांची यादी आणि अलीकडचा एचबीए1सीचा (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचा) अहवाल बरोबर न्यावा. सुई करताना बोटाच्या टोकाला किंचितही झिणझिण्या आल्या तर संकोच न करता लगेच सांगावे, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा. शिक्षकांना मध्येच बोलायला अवघड वाटणार नाही, पण टेबलावर पडल्यावर पुष्कळ जण गप्प बसतात.